वाट पाहणारा प्रोग्रॅम : प्रस्तावना

महाड औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांत ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, मागच्या अंगाला, प्रक्रिया केलेलं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे, पत्र्याच्या शेडखाली एक पॅनेल उभं असतं. त्यात पीएचचं मीटर, प्रवाहाचं मीटर, सीओडी-बीओडी आणि तरंगते कण मोजणारा अ‍ॅनालायझर, आणि खालच्या पट्टीवर बसवलेला वहीएवढा संगणक. या संगणकावर पुष्कळदा लिनक्स असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी राज्यांच्या मंडळांना निर्देश दिले, की अतिप्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आपली मोजमापं ऑनलाइन आणि अखंड पाठवायला लावा. औषधांचा कच्चा माल, रंग, कीटकनाशकं हे सगळे त्या यादीत आहेत, आणि महाडची वसाहत बरीचशी अशाच मालावर चालते. सावित्री नदीच्या खोऱ्यातली वसाहत, त्यामुळे इथून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर गावांचंही लक्ष असतं. या पॅनेलमधल्या डब्याला तेव्हापासून कारखान्यात एक मान आला. तो बंद पडला की फोन येतात.

हा डबा दिवसभर करतो काय? आरएस-४८५ च्या दोन तारांवरून, ९६०० बॉडच्या वेगाने, एका उपकरणाला मॉडबसचा प्रश्न पाठवतो. प्रश्न ८ बाइटचा. दहा रजिस्टरं मागितली तर उत्तर २५ बाइटचं. पॅरिटी आणि स्टॉप बिट धरून एका बाइटला ११ बिट लागतात, म्हणजे प्रश्नाला ९ मिलिसेकंद आणि उत्तराला २९. मिनिटातून एकदा पाच उपकरणांना विचारलं, त्यांना उत्तर जुळवायला लागणारा वेळ धरला, तरी साठातला एखादाच सेकंद खर्ची पडतो. बाकीचा सगळा वेळ प्रोग्रॅम वाट पाहत बसलेला असतो. वाट एकाचीच पाहायची असती तर ही पुस्तिका लिहायचं कारण नव्हतं. पण इथे दोन सिरीयल पोर्ट आहेत, अ‍ॅनालायझरशी जोडलेलं एक सॉकेट आहे, मंडळाच्या सर्व्हरकडे जाणारं दुसरं आहे, कंट्रोल रूममधून कुणी आकडे बघायला आलं तर तिसरं उघडतं, आणि मिनिट मोजणारा टायमर आहे. यातलं कोण आधी बोलेल ते सांगता येत नाही, आणि कुणालाही ताटकळत ठेवायचं नाही.

अनेकांची वाट एकाच वेळी, एकाच ठिकाणी बसून, सीपीयू न जाळता कशी पाहायची, याचं उत्तर युनिक्सच्या घराण्यात काही सिस्टीम कॉलनी दिलं आहे. सिलेक्ट, पोल, ईपोल आणि बीएसडीवाल्यांचा केक्यू. पुढच्या प्रकरणांत ते एकेक करून येतील. ते कुठून आले, काय सांगतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय सांगत नाहीत, एवढं या प्रस्तावनेत मांडतो.

युनिक्समध्ये काहीही उघडलं की कर्नल तुमच्या हातात एक लहानसा आकडा ठेवतो. त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. ०, १ आणि २ हे आकडे प्रोग्रॅमला जन्मतः मिळतात: आत येणारं, बाहेर जाणारं आणि चुकांचे निरोप. पुढे जे उघडाल त्याला मोकळ्या आकड्यांतला सर्वांत लहान मिळतो. सिरीयल पोर्ट उघडला, ३ मिळाला. सॉकेट जोडलं, ४ मिळाला. पाइप असो, टायमर असो, प्रोग्रॅमच्या दृष्टीने सगळे सारखेच आकडे. त्यामुळेच 'यांपैकी कुणाकडे काही आलंय का' असा एकच प्रश्न सगळ्यांबद्दल मिळून विचारता येतो. उपकरण कुठलं, तार कुठली, याची विचारपूस करायची गरज उरत नाही.

हे कॉल वापरले नाहीत तर काय होतं तेही बघायला हवं, कारण वसाहतीत चालणारे कितीतरी प्रोग्रॅम ते वापरत नाहीत आणि तरी चालतात. साधा रीड मारला की प्रोग्रॅम त्या पोर्टवर अडकून बसतो. प्रवाहाचं मीटर गप्प असेल तर तोवर सर्व्हरचं सॉकेट पोरकं. मग कुणीतरी पोर्ट नॉनब्लॉकिंग करतो आणि सगळ्यांना फिरून फिरून विचारत राहतो. हे चालतं, पण सीपीयू शंभर टक्के. पंखा नसलेला डबा, पत्र्याची शेड, महाडचा मे महिना. पुढचं सांगायला नको. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक फेरीनंतर दहा मिलिसेकंद झोप घातली जाते. पूर्वी ऑपरेटर दर तासाला राउंड मारून लॉगशीटवर आकडे लिहायचा, तसाच हा प्रकार: दोन राउंडच्या मध्ये घडलेलं राउंडपर्यंत कळत नाही, आणि काही घडलेलं नसलं तरी पायपीट चुकत नाही. उरला तो थ्रेडचा मार्ग, दर उपकरणामागे एक थ्रेड. पाच उपकरणांना तो काही वाईट नाही, हे मी या पुस्तिकेच्या विरोधात जाऊनही सांगतो. कुलुपांची शिस्त ठेवता येत असेल तर खुशाल वापरा. पाचाचे पन्नास झाले आणि सगळ्यांना एकच तक्ता लिहायचा असला, की मात्र रात्रीच्या शिफ्टला न समजणाऱ्या भानगडी सुरू होतात.

ही अडचण जुनी आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये 'सीयू' नावाचा प्रोग्रॅम होता, मोडेमवरून दुसऱ्या यंत्राशी बोलण्यासाठी. त्याला कीबोर्ड आणि तार दोन्हीकडे एकाच वेळी कान द्यायचा होता, आणि तसं करायची सोय नव्हती. म्हणून तो स्वतःचे दोन प्रोसेस करायचा. एक कीबोर्डचं तारेवर टाकायचा, दुसरा तारेचं पडद्यावर. त्याच वर्षी मॉडिकॉन कंपनीने मॉडबस आणलं, जे आज महाडच्या पॅनेलमध्ये चालतं. बर्कलेच्या मंडळींनी टीसीपी-आयपी आणि सॉकेट युनिक्समध्ये बसवली तेव्हा दोन प्रोसेसची ही युक्ती पुरेना, आणि १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये सिलेक्ट आला.

सिलेक्टची मांडणी आजच्या नजरेला ओबडधोबड वाटते. त्याला तीन संच द्यायचे: वाचायला कोण, लिहायला कोण, अपवाद कोणाचे. प्रत्येक संच म्हणजे बिटांची रांग, डिस्क्रिप्टरचा जो आकडा त्या जागचा बिट १. शिवाय सगळ्यांत मोठ्या आकड्यात एक मिळवून तोही द्यायचा, आणि किती वेळ थांबायचं तेही. परत येताना कर्नल तेच संच पुसून त्यात उत्तरं भरतो. म्हणून दर फेरीला संच नव्याने भरावे लागतात. एखादा विसरला तर ते उपकरण मुकाट्याने गायब होतं. लिनक्सवर या रांगेत १०२४ बिट असतात. १०२४ हा आकडा असलेला डिस्क्रिप्टर तिच्यात घालायला गेलात तर बिट रांगेबाहेरच्या, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी मेमरीत लिहिला जातो. छोट्या डब्यात एवढे डिस्क्रिप्टर कुठून येणार, असं वाटेल. दर वेळी सर्व्हरशी नवं सॉकेट उघडून जुनं बंद करायला विसरणारा प्रोग्रॅम महिना-दीड महिना चालू ठेवा, म्हणजे कुठून येतात ते कळेल.

पोल एटी अँड टीच्या सिस्टीम फाइव्हकडून आला. त्याने बिटांची रांग टाकून दिली आणि साधी यादी घेतली: हा डिस्क्रिप्टर, याच्याकडून मला हे हवं, उत्तर या खणात लिही. प्रश्नाचा आणि उत्तराचा खण वेगळा, त्यामुळे यादी दर वेळी भरायला नको. १०२४ ची मर्यादा गेली. एक दुखणं तेवढं राहिलं. दर फेरीला पूर्ण यादी कर्नलकडे जाते आणि कर्नल ती पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासतो. एका नोंदीला ८ बाइट, दहा हजार नोंदी असतील तर फेरीमागे ८० हजार बाइट, आणि त्यातून बातमी निघते दोघा-तिघांची. १९९९ मध्ये डॅन केगेलने एका सर्व्हरवर एका वेळी दहा हजार गिऱ्हाइकं सांभाळायचा प्रश्न जगापुढे ठेवला, तेव्हा सिलेक्ट आणि पोल या दोघांची ही खोड ऐरणीवर आली. जोनाथन लेमनने फ्रीबीएसडीत केक्यू लिहिला, २००० साली. डेव्हिडे लिबेन्झीचा ईपोल लिनक्सच्या २.५.४४ या विकसनशील आवृत्तीत २००२ मध्ये आला आणि २००३ च्या अखेरीस २.६ मधून सगळ्यांच्या हाती पडला. इगोर सिसोएव्हचा एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर २००४ चा. याच कॉलच्या जिवावर तो मोठा झाला.

ईपोलची कल्पना सांगायला सोपी आहे. कोणाकोणावर लक्ष ठेवायचं ती यादी दर वेळी पाठवायची नाही, ती कर्नलपाशीच ठेवून द्यायची. एक कॉल यादी उघडतो, दुसरा तिच्यात नावं घालतो-काढतो, तिसरा थांबतो. एखाद्या सॉकेटवर पाकीट आलं की ते आणणारा कर्नलचा भागच त्या सॉकेटचं नाव दुसऱ्या एका 'तयार' यादीत टाकतो. थांबणाऱ्याला जाग आली की फक्त ती छोटी यादी मिळते. दहा हजार गप्प बसलेल्यांचा भार पडत नाही.

आता मूळ मुद्दा. या कॉलनी 'वाचायला तयार' असं सांगितलं तर त्याचा अर्थ फार थोडा असतो: आत्ता रीड केलंत तर तो अडकणार नाही. बस. किती बाइट आलेत, संदेश पुरा आलाय का, पलीकडचा जिवंत आहे का, आलेला आकडा ताजा आहे की शिळा, यातलं काहीही त्यात नाही. पलीकडच्याने जोडणी बंद केली तरीही उत्तर 'वाचायला तयार' असंच येतं, कारण रीड अडकत नाही, शून्य घेऊन लगेच परत येतो. आणि तो अडकणार नाही एवढं आश्वासनही लिनक्सवर कधीकधी मोडतं: पाकीट आलं, सिलेक्टने सांगितलं, मग चेकसम चुकलेला निघाला म्हणून कर्नलने ते फेकून दिलं, आणि रीड बसला वाट पाहत. म्हणून डिस्क्रिप्टर नॉनब्लॉकिंग ठेवायचा, हा नियम या पुस्तिकेत कुठेही मोडलेला नाही.

मॉडबसचंच उदाहरण जवळून बघू. २५ बाइटचं उत्तर निघालं. पहिले काही बाइट पोर्टवर येताच पोल जागा करतो. रीड केला, ८ बाइट मिळाले. नवखा प्रोग्रॅमर इथे सीआरसी तपासतो, तो चुकतो, आणि 'लाइनवर नॉइज आहे' असा निष्कर्ष निघतो. मग इन्स्ट्रुमेंटवाल्याला बोलावून केबल बदलून घेतली जाते, अर्थिंग पुन्हा केलं जातं, शील्ड एका टोकाला जोडायचं की दोन्ही यावर वाद होतो. केबलमध्ये काही नव्हतंच. उरलेले १७ बाइट वीसेक मिलिसेकंदांत येणार होते. मॉडबसच्या नियमपुस्तकात संदेशाचा शेवट साडेतीन अक्षरांच्या शांततेने ओळखायचा असतो, ९६०० बॉडला सुमारे ४ मिलिसेकंद. हे मायक्रोकंट्रोलरमध्ये जमतं. लिनक्सवर, त्यातही यूएसबीच्या कन्व्हर्टरमागे, जमत नाही. एफटीडीआयची चिप आलेले बाइट मुळात १६ मिलिसेकंदांपर्यंत साठवून मग वर देते, त्यामुळे तारेवरची शांतता प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. म्हणून लांबी मोजायची. किती रजिस्टरं मागितली ते आपल्याला माहीत असतं, तितके बाइट जमेपर्यंत साठवत राहायचं, आणि टायमर सुटला तरच हार मानायची.

याच उदाहरणावर ईपोलचा एज-ट्रिगर्ड प्रकार लावा म्हणजे गंमत कळते. नेहमीच्या लेव्हल-ट्रिगर्ड पद्धतीत, वाचायचं काही शिल्लक असेपर्यंत ईपोल सांगत राहतो. एज-ट्रिगर्डमध्ये नवं काही आलं तेव्हाच सांगतो. समजा २५ बाइट आलेले आहेत, तुम्ही १० वाचले आणि पुन्हा थांबायला गेलात. उरलेले १५ कर्नलच्या बफरात आहेत, पण त्यांची बातमी देऊन झालेली आहे. मॉडबसचं उपकरण विचारल्याशिवाय बोलत नाही. तुम्ही उत्तर पुरं झाल्याशिवाय पुढचा प्रश्न विचारत नाही. दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात, आणि लॉगमध्ये चूक म्हणून काही दिसत नाही. एज-ट्रिगर्ड वापरायचा तर 'ईअगेन' येईपर्यंत, म्हणजे कर्नल 'आता काही नाही' म्हणेपर्यंत, वाचत राहावं लागतं. माझं मत विचाराल तर वसाहतीतल्या कामाला लेव्हल-ट्रिगर्डच बरा. एज-ट्रिगर्डचा फायदा ज्यांना होतो त्यांच्याकडे लाखो जोडण्या असतात.

लिहिण्याच्या बाजूचं दुखणं उलटं आहे. सॉकेटच्या बफरात बहुतेक वेळा जागा असते, म्हणजे ते कायम 'लिहायला तयार'. सोय म्हणून वाचणं आणि लिहिणं दोन्हींची नोंद करून ठेवली, तर थांबण्याचा कॉल थांबतच नाही आणि सीपीयू पुन्हा शंभर टक्के. लिहायचं काही शिल्लक असेल तेव्हाच लिहिण्याची नोंद करायची, संपलं की काढायची. पोलादपूरकडे घाटाच्या पायथ्याशी मोडेमला रेंज येते-जाते, अशा ठिकाणी शिल्लक पडणारच, त्यामुळे या भागाला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

यूएसबी कन्व्हर्टरचा आणखी एक प्रकार. पॅनेलमध्ये हात घालताना तो सैल होतो किंवा कुणी काढून परत लावतो. तेव्हा पोल 'पोलहप' आणि 'पोलएर' देतो. हे दोन मागितले नाहीत तरी मिळतात, आणि त्यांच्याकडे न बघणारा प्रोग्रॅम त्याच मेलेल्या डिस्क्रिप्टरभोवती गरगरत राहतो. परत लावलेला कन्व्हर्टर 'टीटीवाययूएसबी शून्य'च्या ऐवजी 'एक' होऊन येतो, कारण शून्य अजून आपल्याच हातात उघडा आहे. आधी बंद करायचा, मग नव्याने शोधायचा. यूडेव्हचा नियम लिहून पोर्टला कायमचं नाव दिलेलं उत्तम.

सगळ्यांत जास्त पानं मी शांततेला दिली आहेत. घटना घडली तर कर्नल सांगेल. घटना घडायची थांबली तर कोण सांगणार? अ‍ॅनालायझरच्या शेडमधली लाइट गेली. अ‍ॅनालायझर बंद, मधला स्विच बंद. टीसीपीत निरोप घेऊन जायची पद्धत आहे, पण वीज गेलेलं यंत्र निरोप घेत नाही. इकडे आपलं सॉकेट उघडंच, ईपोलच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही, त्यामुळे तो झोपलेला. स्क्रीनवर शेवटचा पीएच ७.४, आणि रात्री दोनपासून ट्रेंडवर सरळ रेघ. तपासायला आलेल्या माणसाला ती दिसली की सेन्सर बादलीत बुडवून ठेवला असावा, हाच संशय आधी येतो. टीसीपीला कीपअलाइव्ह आहे ना, असं कुणी म्हणेल. तो मुळात बंद असतो. चालू केलात तरी लिनक्सवर ठरलेले आकडे असे: ७,२०० सेकंद शांतता झाल्यावर पहिली चाचणी, मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ चाचण्या फुकट गेल्यावर जोडणी मेली असं जाहीर. हिशोब केला तर २ तास ११ मिनिटं. आपल्याला ही बातमी हवी होती दोन मिनिटांत.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेलं, वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. अशा वेळी बाहेरच्या गावातल्या सर्व्हरवर इथल्या यंत्रांशी असलेली सॉकेटं उघडी आणि गप्प राहतात. इकडे काय चाललंय याची एकही घटना त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पावसाळ्यात रोज थोडं थोडं होणारं हे त्या दिवशी एकदम झालं. म्हणून प्रत्येक उपकरणामागे 'शेवटचं कधी बोललं' ही वेळ ठेवायची, थांबण्याच्या कॉलला मुदत द्यायची किंवा टायमरचाच डिस्क्रिप्टर यादीत घालायचा, आणि मुदत उलटली की आकड्याशेजारी 'शिळा' असा शिक्का मारायचा. जुना आकडा नवा म्हणून पुढे पाठवण्यापेक्षा रिकामी जागा पाठवलेली बरी. हे प्रोग्रॅमरने ठरवायचं आहे. ईपोल त्यात पडत नाही.

लिनक्सने २००७-०८ च्या सुमारास यादीत घालता येण्याजोग्या गोष्टी वाढवल्या. टायमर, सिग्नल, एका थ्रेडकडून दुसऱ्याला इशारा, या सगळ्यांना आता डिस्क्रिप्टर मिळतो. त्याआधी सिग्नल आणि सिलेक्ट यांचं जमवायला डॅनियल बर्नस्टाइनची युक्ती वापरत: स्वतःशीच एक पाइप उघडायचा, सिग्नल आला की त्यात एक बाइट टाकायचा आणि दुसऱ्या टोकावर सिलेक्टने लक्ष ठेवायचं. युक्ती अजूनही चालते, आणि सगळीकडे चालते.

मात्र डिस्कवरच्या साध्या फाइलला यात स्थान नाही. पोल तिला नेहमीच 'तयार' म्हणतो. ईपोल तर तिची नोंदच घेत नाही, 'ईपर्म' देऊन परत पाठवतो. प्रत्यक्षात एसडी कार्डावर लॉग लिहून एफसिंक मारला तर शेकडो मिलिसेकंद अडकायला होतं, आणि तेवढा वेळ सगळी उपकरणं वाऱ्यावर. यावर जेन्स अ‍ॅक्सबोचा आयओ यूरिंग २०१९ मध्ये लिनक्स ५.१ मधून आला. तो प्रश्नच उलटा विचारतो: तयार आहे का ते नको सांगूस, काम कर आणि झालं की सांग. वेगवान आहे. पण त्यात सुरक्षेच्या त्रुटी इतक्या निघाल्या की गूगलने २०२३ मध्ये आपल्या सर्व्हरांवर आणि क्रोमओएसमध्ये तो बंद केला. मी त्याला पुस्तिकेत शेवटची चार पानं दिली आहेत. लॉग लिहिणारा वेगळा थ्रेड ठेवला तर महाडच्या डब्याला त्याची गरज पडत नाही. खरं तर ईपोलचीही पडत नाही. दहा-पंधरा डिस्क्रिप्टरांना पोल पुरून उरतो, लिनक्स सोडून दुसरीकडेही चालतो, आणि पाचशे ओळींतला प्रोग्रॅम दुसऱ्या माणसाला वाचता येतो.

ही पानं दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहेत, आणि ते एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. एक, लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून किंवा तसल्याच दुसऱ्या कॉलेजातून संगणक शिकून आलेली मुलं. त्यांनी नोड वापरलेलं असतं, त्याच्या पोटात ईपोल फिरतो हे ऐकलेलं असतं, पण टर्मिनल ब्लॉकमध्ये तार कधी घातलेली नसते. दुसरे, वीस वर्षं मीटर कॅलिब्रेट करणारे इन्स्ट्रुमेंटवाले. त्यांना ४-२० मिलिअँपिअरचा लूप झोपेत शोधता येतो, पण प्रोग्रॅम का हँग झाला हे सांगणारं कुणी भेटत नाही. पहिल्यांनी सिरीयल पोर्टचं प्रकरण गाळू नये, दुसऱ्यांनी सी भाषेला घाबरू नये. लागेल तेवढी आत दिली आहे. खोलात जायचं असेल तर रिचर्ड स्टीव्हन्सचं युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग आणि मायकेल केरिस्कचं २०१० मधलं लिनक्स प्रोग्रॅमिंग इंटरफेस ही दोन पुस्तकं जवळ ठेवा. केरिस्कचं जाड आहे, पण त्यातलं ६३ वं प्रकरण सुटं वाचता येतं.

सुरुवात करायला पॅनेल लागत नाही. घरच्या लिनक्सवर एमकेफिफोने दोन पाइप करा, ते नॉनब्लॉक ठेवून उघडा (नाहीतर ओपनच अडकेल), आणि दोन्हींवर पाच सेकंदांची मुदत देऊन पोल लावणारा वीस ओळींचा प्रोग्रॅम स्ट्रेसखाली, म्हणजे प्रत्येक सिस्टीम कॉल छापून दाखवणाऱ्या साधनाखाली, चालवा. पोलची ओळ अर्धी छापून थांबेल. पाच सेकंदांनी पुढे कंस, शून्य आणि 'टाइमआउट' असं येईल. आता दुसऱ्या टर्मिनलवर कॅट चालवून एका पाइपात काहीतरी टाइप करा. पोल लगेच १ देईल. मग ते कॅट बंद करा. लिहिणारा गेला, रीड शून्य देतोय, पोलहप येतच राहतोय, आणि स्ट्रेसच्या ओळी पडदाभर धावायला लागतात. त्या थांबवायला प्रोग्रॅममध्ये नेमकी कुठली ओळ घालायची, ते पहिल्या प्रकरणात आहे.